बंधारा आठव्या खांबाशी संपतो

प्रिय सोमी,

अकरा बांबूचे खांब, वीत-वीत लाल-पांढरे रंगवलेले. दर मीटरला गाठ मारलेली पन्नास मीटरची दोरी. पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पाणपातळी. सहा वह्या, त्यातल्या रेघाही माझ्याच. हे सगळं मी हातांनी केलं, शिक्षण सातवी. नळीत बुडबुडा राहिला की माप दोन बोटं चुकतं, हे मला कुणी शिकवलं नाही.

दर अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीत आपण गावातली पाच-सात माणसं खांबांपासून वाळूच्या कडेपर्यंत किनारा मोजायचो. दोरीचं दुसरं टोक तुझ्याकडे. "दादा, दर्याला माप लावतोस, चड्डी शिवनार हायस काय त्याला?" म्हणून हसायचीस. पण दोरी कधी ढिली सोडली नाहीस.

परवा पौर्णिमेला मोजलं. दोरी शेजारच्या मंदाने धरली, ढिली धरते. तुझ्या घरासमोरचा नववा खांब वाहून गेलाय, वहीत त्याच्या रकान्यात 'खांब नाही' एवढंच लिहिलं. चौथरा अर्धा उरलाय, न्हाणीचा दगड तसाच आहे. मला रडू वगैरे आलं नाही. दहाव्याकडे गेलो.

बोईसरच्या खोलीत पाणी किती वाजता येतं? भावोजींना रात्रपाळीच आहे का अजून?

दर्या अडवायचा बंधारा कुठून कुठवर, ते आपल्या मापांवरच ठरलं. पाच वर्षांत आठव्या खांबाशी नऊ मीटर दहा सेंटीमीटर किनारा गेला होता, तुझ्या नवव्याशी तीन मीटर साठ, अकराव्याशी दोन मीटर. म्हणून तो आठव्याशी थांबला. ग्रामसभेत भावोजी कुरकुरले, तर तूच उठलीस, "दादाचा आकडा हाय, गप बसा." पुढच्याच श्रावणात उधाणाच्या लाटा बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घालून तुझ्या घरात शिरल्या.

काल फोनवर वहिनीला म्हणालीस, "दादाला सांग, जीवाला लावून घेऊ नको, माप बरोबरच व्हतं." बरोबरच होतं. एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. मापं पालघरला कचेरीत द्यायच्या आदल्या दिवशी अकराव्या खांबामागच्या रिसॉर्टचा मालक आला होता. तिथे दोनच्या जागी नऊ मीटर लिही म्हणाला, म्हणजे बंधारा त्याच्यापर्यंत आला असता. तुझं घर वाटेतच येत होतं. मी चहासुद्धा न विचारता त्याला ओट्यावरून परत पाठवलं. पंचवीस हजार देत होता.

तुझाच,
बळवंतदादा