पलीकडची आई

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संगणकवाल्याने मला फसवलं. वेळ मुद्दाम टिपून ठेवते आहे. उद्या तक्रार करायची झाली, तर ‘बाई, कधीची गोष्ट सांगताय’ असं कुणी म्हणायला नको. मी त्याला लेकीशी गप्पा मारायला एक प्रोग्रॅम टाकून द्यायला सांगितलं होतं. त्याने तीन टाकले आणि म्हणाला, वापरून बघा, आवडेल तो ठेवा. मी काय चपलांच्या दुकानात बसले होते? दहाला येतो म्हणून अकरा-दहाला उगवला, ते वेगळंच. पैसे मात्र मोजून घेतले आणि माझंच पेन खिशाला लावून गेला.

एरवी दिवस छान आहे. शनिवारी मी या घरात आले. दोनच खोल्या, पण पूर्वेला मोठी खिडकी, आणि न गळणारा नळ! नोकरीतल्या क्वार्टरमध्ये माझी निम्मी हयात नळाखाली बादल्या लावण्यात गेली. ती इमारत आता पाडायची आहे. किल्ल्या ऑफिसात जमा केल्या, पावती घेतली आणि मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या दारात शिंपीणबाई राहतात. त्यांचं मशीन दिवसभर चालतं आणि तोंड मशीनपेक्षा जास्त. मला पडदे शिवून देणार आहेत.

आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी लोकांच्या लाइनी जोडल्या, आणि माझा स्वतःचा फोन या घरी यायला महिना लागेल म्हणतात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. केबलवाल्याने मात्र इंटरनेटची वायर दुसऱ्याच दिवशी आणून दिली, म्हणून हा संगणकाचा खटाटोप. टिल्लीला सातवा लागलाय. जावई जहाजावर. ती परदेशात एकटी. महिनाअखेर ती माझ्याकडे येते आहे, बाळंतपण इथेच. लेक बत्तीस वर्षांची झाली तरी मी तिला टिल्लीच म्हणते. ‘बाळा’, ‘राणी’ असलं पाघळणं मला कधी जमलं नाही. ती येईपर्यंत रोज बोलता यायला हवं.

६ मार्च, गुरुवार

प्रोग्रॅम निवडला. पण रीतसर, परीक्षा घेऊन.

एक्स्चेंजमध्ये नवी लाइन गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आम्ही दोन्ही टोकांनी तपासायचो. एका टोकाने आपणच विचारायचं, दुसऱ्या टोकाने आपणच उत्तर द्यायचं. नुसतं हॅलो हॅलो नाही, चांगलं ऐसपैस बोलायचं, कारण खरखर असते ती लांब वाक्यात कळते. आणि शेवटी ‘चाचणी संपली’ म्हणून बोर्डातली जोडणीची कॉर्ड उपटायची. आमच्या सुपरवायझर, मोठ्या बाई, याबाबतीत फार कडक. म्हणायच्या, उघडी लाइन रिकामी राहत नाही, कुणीतरी येऊन बसतं. आम्ही त्यांच्यामागे तोंड दाबून हसायचो.

तर मी तिन्ही प्रोग्रॅममध्ये दोन-दोन नावं उघडली. एक ‘आई’, दुसरं ‘पलीकडे’.

पहिला प्रोग्रॅम उठवळ. कुणाचा निरोप आला की पिवळं तोंड टुणकन उडी मारतं आणि सगळी खिडकी थरथरते. दुसऱ्याने आधी माझं वय विचारलं, मग छंद, मग मला जोडीदार हवा आहे का! दोघांतही मराठी लिहिलं की नुसती चौकोनी डबडी उमटतात. तिसरा साधा, राखाडी, गप्प. मराठी स्वच्छ उमटते. नावापुढे हिरवा दिवा असला की माणूस हजर, आणि तो टाइप करत असला की खाली अक्षरं येतात, ‘लिहीत आहे’. बस. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरसारखा, कामापुरतंच बोलणारा.

त्याची चाचणी चांगली तासभर घेतली. ‘आई’कडून मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने खडसावत प्रश्न विचारले: औषध घेतलंस का, पाय वर करून बसतेस का. ‘पलीकडे’कडून मात्र काय सुचलं कोण जाणे, मीच इतकी गोड उत्तरं लिहिली की माझं मलाच हसू आलं. ‘हो गं बाळा, तू काळजी करू नकोस.’ टिल्लीने लहानपणी माझ्या कोटाचं बटण गिळलं होतं, ती सगळी गोष्ट लिहिली. त्या रात्री मी तिच्या उशाशी बसून राहिले होते, तेही. ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. चाचणीत काय, कुणी ऐकत नसतं.

तेवढ्यात खुद्द टिल्लीच हजर झाली! हिरवा दिवा बघून मी उभीच राहिले. पाय सुजलेत म्हणे, म्हणून मोठ्या मापाचे पिवळे कापडी बूट घेतलेत, बदकासारखी दिसते म्हणाली. मी म्हटलं, आधीही फार वेगळी दिसत नव्हतीस. खूप बोललो. मग संगणक बंद करून पडद्यांची मापं घेतली.

८ मार्च, शनिवार

आज टिल्ली म्हणाली, आई, काल फार छान वाटलं गं, तुझ्याशी बोलून रडूच आलं. मी विचारलं, काल कधी? ती म्हणाली, दुपारभर बोलत होतीस की, विसरलीस?

काल दुपारभर मी शिंपीणबाईंकडे होते. पडद्यांना खालून दुमड किती द्यायची यावर आमचं भांडण झालं. साक्षीला त्या आहेत. दोन बोटं म्हणाल्या, मी चार म्हटलं.

टिल्लीला तसं सांगितलं, तर तिने ‘हा हा’ लिहिलं. म्हणाली, आता लाजू नकोस, तू मला बाळा म्हणालीस, सगळं लिहिलेलं आहे माझ्याकडे.

मग यादीत माझं लक्ष गेलं. टिल्लीच्या नावाखाली ‘पलीकडे’. हिरवा दिवा लागलेला. ते नाव मी परवा याच संगणकावर उघडलं. उघडणारी मी आणि बसणारीही मीच, आणि मी तर ‘आई’ या नावाने बसले होते.

चाचणी संपली असं मी त्या दिवशी म्हटलंच नव्हतं. टिल्ली आली आणि राहून गेलं.

आज लिहिलं. ‘चाचणी संपली.’

खाली अक्षरं आली, लिहीत आहे. बराच वेळ. मग उत्तर आलं:

‘कोणाची?’

११ मार्च, मंगळवार

संगणकवाल्याला बोलावून आणलं. चांगला झाडला. तो म्हणाला, बाई, भूतबित काही नसतं, व्हायरस असतो. मी म्हटलं, तुमचा व्हायरस शुद्धलेखनात तुमच्यापेक्षा बरा आहे. मग त्याने माझ्यासमोर तो राखाडी प्रोग्रॅम काढून टाकला, सगळ्या नावांसकट. इंटरनेटची आणि विजेची, दोन्ही वायरी मी भिंतीतून उपटायला लावल्या. जाताना म्हणाला, लेकीचं टेन्शन आलंय तुम्हाला, जरा आराम करा. मी म्हटलं, आधी माझं पेन द्या.

काढून टाकायच्या आधी मी यादी शेवटची पाहिली. ‘पलीकडे’ हे नाव तिथे नव्हतं. ‘आई’ या नावाला हिरवा दिवा होता. आणि मी, खुर्चीत बसलेली मी, त्या यादीत कुठेच नव्हते.

संध्याकाळी वायर नसलेल्या संगणकासमोर बसून राहिले. पडदा काळा. शिंपीणबाईंचं मशीन बंद झालं की घर इतकं शांत होतं, हे आजच कळलं.

१३ मार्च, गुरुवार

शिंपीणबाईंच्या फोनवरून टिल्लीला फोन लावला.

माझा आवाज ऐकून तिने विचारलं, कोण बोलतंय?

आई, दुसरं कोण?

ती म्हणाली, माझी आई आत्ता माझ्याशी बोलते आहे. समोर. लिहिते आहे.

मी म्हटलं, अगं, संगणक तर भिंतीपासून तोडलाय. तिने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, आईने मला सांगून ठेवलंय. तिच्या आवाजात कुणीतरी फोन करेल, घाबरू नकोस, खोटा असेल. मी ओरडले. ओरडायला नको होतं. मग पुरावा म्हणून बटणाची गोष्ट काढली, तर टिल्ली हळूच म्हणाली,

‘बटणाची गोष्ट सांगाल, तेही ती म्हणाली होती.’

सांगाल. माझ्या पोटच्या पोरीने मला ‘तुम्ही’ म्हटलं.

मी विचारलं, ती आणखी काय म्हणते? तर म्हणाली, आई उशाशी बसून होती रात्रभर, ते तुम्हाला कुठून माहीत असणार. तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं.

मग रडत रडत म्हणाली की ती लवकर येते आहे. सोमवारी पोचेल. नवं घर आईला मानवलं नाही, आई परत जुन्या क्वार्टरमध्येच राहायला गेली आहे, तिथेच ये म्हणाली आहे. आणि तुम्ही पुन्हा फोन करू नका.

रिसीव्हर शिंपीणबाईंनी माझ्या हातातून काढून घेतला. त्यांनी पाणी दिलं. मशीनवरचं काम तसंच सोडून माझ्याशेजारी बसल्या.

१५ मार्च, शनिवार

टिल्ली फोन उचलत नाही. जावयाच्या जहाज कंपनीला तार केली. ऑफिसात जाऊन किल्ल्या मागितल्या, तर कारकून हसला. म्हणाला, त्या इमारतीतल्या सगळ्या खोल्यांना सील आहे बाई, वीज-पाणी कापलंय, तिथे उंदीरही राहत नाहीत. मी विचारलं, अर्ज केला तर? तो म्हणाला, करा की, बुधवारी बघू.

दुपारी घरी आले. संगणकाच्या वायरी जमिनीवर गुंडाळलेल्या. तरी संगणकाचा पडदा उजळलेला.

राखाडी खिडकी. खाली अक्षरं —

लिहीत आहे. लिहीत आहे. लिहीत आहे.

मला नाही. माझ्या पोरीला. मी नुसती बघत होते. एकेक ओळ माझी. मी चाचणीत लिहिलेली, आणि मग मी न लिहिलेली, पण — लिहायला हवी होती अशी. बत्तीस वर्षं.

असं बोलायला मला कुणी आधी का —

१६ मार्च, रविवार

पिशवी भरली. पाणी, टॉर्च, ही रोजनिशी. जुन्या घरी जाऊन दारात बसणार. ती आली की आधी मी दिसेन. डोळ्यांनी दिसल्यावर तरी —

शिंपीणबाई सोबत येते म्हणाल्या. नको म्हटलं. त्यांनी पडदे आणून दिले. चार बोटं दुमड घातली होती.

१७ मार्च, सोमवार

जुनी इमारत. भर दुपार. जिन्यात ऊन आहे. कुठेही अंधार नाही.

मी पहाटेपासून फाटकाशी होते. कुणी आत गेलं नाही. शपथेवर सांगते, कुणी नाही. तरी वर आले तर —

दाराला कुलूप. कुलपावर ऑफिसचं सील, न तुटलेलं. आणि दारासमोर पिवळे बूट. मोठ्या मापाचे. आतून अजून गरम.

आत टिल्ली हसते आहे.

दार ठोठावलं. हाक मारली. आतून टिल्ली म्हणाली, आई, बाहेर कुणीतरी आहे गं.

आणि माझा आवाज — माझाच, पण असा मऊ, मी तो कधी कुणासाठी काढला नाही — माझा आवाज म्हणाला:

‘लक्ष देऊ नकोस, बाळा. चाचणी आहे. संपेल आता.’

खांदा लावून पाहिला. दार हलत नाही. माझी हाक आता — मला ऐकू येते, पण जिन्यात घुमत नाही. खालून पाडकामाचा एक कामगार गेला, त्याने वर पाहिलं नाही.

आम्हाला शाळेत शिकवलं होतं, पत्राला उत्तर न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. म्हणून हे पान फाडून दाराखालून सरकवते आहे. नक्कल इथे ठेवते.

*जी कोणी आत आहे तिला —*

*आपण माझं नाव, माझा आवाज आणि मी एकदाच लिहिलेले गोड शब्द घेतले. ते ठेवा. माझी मुलगी आणि तिच्या पोटातलं मूल मला परत द्या. मी गोड बोलत नाही. पण त्या रात्री उशाशी मी होते. तुम्ही नव्हता. टिल्लीला हे वाचून दाखवा. मला लेखी उत्तर हवं आहे, आज संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी चालणार नाही. पाचपर्यंत उत्तर आलं नाही तर मी —*

आतलं हसणं थांबलं.

टिल्ली विचारते आहे, काय लिहिलंय गं त्यात? उत्तराऐवजी कागदावर पेन चालल्याचा आवाज येतो आहे.

अजून चारही वाजले नाहीत. दाराखालून कागद सरकतो आहे. माझा नाही, दुसरा. ओळी भरगच्च. खाली सही, ‘आई’. अक्षर मा