ज्याचा खेळाडू, त्याचं घड्याळ

प्रिय ओपल,

सिस्टर अर्नेस्टीनने तुझा निरोप पोचवला. "वेंडेल माझ्या लेकाच्या मातीला आला, मागच्या बाकावर बसला आणि तोंडात घास न घालता निघून गेला; त्याला म्हणावं, मी त्याची थाळी झाकून ठेवली होती, ती संध्याकाळी कुत्र्याला घातली." हा निरोप तिने चर्चच्या पायरीवर चार माणसांत मोठ्याने सांगितला, तेव्हा तुला हवं होतं ते झालं असं समज. तू रागावलीस ते बरोबरच आहे. पण मोठ्या कॉलेजातला माणूस आपल्यात बसून जेवायला लाजला असा अर्थ तू लावला असशील, तर तो खरा नाही. खरं कारण त्याहून वाईट आहे आणि ते लिहायला मला अडीच महिने लागले.

इथे मी कचेरी रिकामी करतोय. या महिन्याअखेर मी निवृत्त होईन. सव्वीस वर्षं या कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी मी रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन हाताने फेकलेला चेंडू झेलणारी पोरं निवडली आणि शिकवली, आता माझ्या खुर्चीवर एक तिशीतला मुलगा येतोय. तो पोरांना आधी कॉम्प्युटरवर पाहतो आणि मग मैदानावर, आणि दोन्हीत फरक पडला तर कॉम्प्युटरचं ऐकतो. पोरगा चांगला आहे, मला 'सर' म्हणतो, माझ्यासाठी दार उघडून धरतो. दार असं कुणी उघडून धरायला लागलं की समजावं, आता निघायची वेळ झाली. गुडघे दुखतात. डॉक्टरने तळलेला मासा बंद केलाय, तो मी गुरुवारी खातोच.

तुला तुझ्या मामाची पिकान अक्रोडांची बाग आठवते का? आपल्या शाळेच्या संघात चेंडू फेकणारा मुलगा होता, पण त्याच्यापेक्षा तू लांब आणि नेमका फेकायचीस हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. दोन झाडांच्या रांगांमधून मी पळायचो आणि तू मागून फेकायचीस. मी वळून पाहायच्या आत चेंडू छातीवर आदळायचा. झेल सुटला की म्हणायचीस, "हात आहेत का भजी?" कॉलेजने मला शिष्यवृत्ती दिली ती त्या बागेतल्या दोन उन्हाळ्यांमुळे, हे मी मोठ्या सभांमधून सांगितलंय, फक्त तुझं नाव कधी घेतलं नाही. मी गेलो. आधी आठवड्याला पत्र, मग महिन्याला, मग नाताळला कार्ड. तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. चूक माझीच होती. पण ती जुनी चूक, आणि तिच्यासाठी हे पत्र नाही.

मार्क्वेलला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तुझा मुलगा आहे हे मला ठाऊक नव्हतं. पोरांचे आईबाप निवडक झेलांची चित्रफीत पाठवतात. त्यात प्रत्येक पोरगा देवदूत असतो. मी ती बघत नाही. मी अख्खा सामना मागवतो आणि चेंडू दुसऱ्या बाजूला जातो तेव्हा हा पोरगा काय करतो ते बघतो. बहुतेक पोरं तेव्हा चालायला लागतात. मार्क्वेल चालत नव्हता. चेंडू येणार नाही हे माहीत असूनही तो शेवटपर्यंत जीव तोडून पळायचा, समोरच्याला अडवायचा, आणि परत येताना त्या समोरच्याशीच गप्पा मारत यायचा. मी त्यांच्या शाळेत गेलो तेव्हा विचारलं, अरे, तू त्याच्याशी इतकं बोलतोस काय? म्हणाला, "सर, मी विचारत होतो तो कुठल्या चर्चला जातो. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा कुणी नाही." मग त्याने आईचं नाव सांगितलं, आणि मी थोडा वेळ गाडीत जाऊन बसलो.

जूनमध्ये तो आमच्या शिबिराला आला. तू स्वतः गाडी चालवत त्याला घेऊन आली होतीस, मासे सोलायच्या कारखान्यातून सुट्टी काढून, आणि कुंपणापाशी छत्री धरून उभी होतीस. आपण हात हलवला, एवढंच. चाळीस यार्ड धावायचे असतात, सगळा जीव त्या चाळीस यार्डांत. दोघं जण घड्याळ धरतात. माझ्या घड्याळात चार पॉइंट पाच दोन सेकंद आले. शेजारी टकर होता, आमच्यातला तरुण कोच. त्याच्या घड्याळात चार पॉइंट सहा एक. मोठ्या कोचचा नियम असा, की साडेचार सेकंदांच्या पुढे पाच शतांशापर्यंत चालेल, त्याहून हळू पोराचं नाव निवडीच्या फळ्यावर लागणार नाही. आणि दोन घड्याळं भांडली तर त्या जागी खेळणाऱ्या पोरांच्या कोचचा शब्द शेवटचा. ज्याचा खेळाडू, त्याचं घड्याळ, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणजे मार्क्वेलचं काय ते माझ्या हातात होतं.

धावून झाल्यावर मी प्रत्येकाच्या हाताचं माप घेतो, कागदावर पंजा पसरून भोवती पेन्सिल फिरवतो. आता त्यासाठी यंत्र आलंय, पण मला कागद बरा वाटतो. बोटांच्या बेचक्यात पेन्सिल गेली की मार्क्वेल गुदगुल्यांनी हसायचा आणि रेघ हलायची. मी दटावलं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत सव्वादहा इंच भरलं. मी म्हटलं, एवढा हात आणलास कुठून? तो कुंपणाकडे बघत म्हणाला, "आईचा आहे, सर. मी नुसता वापरतोय."

संध्याकाळी बैठक झाली. एकेक नाव निघत होतं. मार्क्वेलचं निघालं तसा मी बोलायला लागलो, आणि मला वाटतं जरा जास्तच बोललो. टकर खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "वेंडेलला नक्की कुणाचे हात आवडलेत, पोराचे की पोराच्या आईचे?" बागेची गोष्ट मीच कधीतरी जेवताना त्याला सांगितली होती, तेव्हा दोष त्याचाही नाही. सगळे हसले. मीही हसलो. मला कानांपर्यंत गरम वाटलं ते आठवतंय. मोठे कोच हसले नाहीत, त्यांनी सरळ विचारलं, "वेंडेल, दोन घड्याळं आहेत. तुझं काय म्हणतं?"

मी म्हणालो, "टकरचं बरोबर असेल. माझा अंगठा लवकर दाबला गेला."

माझा अंगठा लवकर दाबला गेला नव्हता, ओपल. सव्वीस वर्षांत तो कधी लवकर दाबला गेला नाही. त्या खोलीत सात माणसं होती, आणि वेंडेलने जुन्या मैत्रिणीच्या पोराला आत घुसवलं असं त्यांनी म्हणू नये, एवढ्यासाठी मी तुझ्या पोराचे नऊ शतांश सेकंद खाल्ले. मला वाटलं, मी किती न्यायी माणूस आहे! त्या रात्री झोपही चांगली लागली. ते आठवलं की आता मला माझीच किळस येते.

दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला. पोरगा गुणी आहे, पण थोडा हळू पडला, असं सांगितलं. मग म्हणालीस, "हळू? माझा मार्क्वेल?" आणि मग, "बरं. तू सांगतोयस म्हणजे तसंच असेल." तू माझ्याशी भांडली असतीस तर मी कदाचित कबूल केलं असतं. मला ती संधी द्यायचं तुला काही कारण नव्हतं, हेही कळतं.

दुसरी कॉलेजं त्याला घेतील असं मी मनाला सांगत राहिलो. पण त्यांनीही हिशेब सरळ केला. त्याच्याच आईच्या गावचा कोच, त्यानेच सोडला, म्हणजे पोरात काहीतरी खोट असणार. दोघांनी मला फोन करून विचारलंसुद्धा. मी एकदा खोटं बोललो होतो, आता खरं बोललो तर आधीचं उघडं पडलं असतं. "वेग जरा कमी पडतो," एवढंच म्हणालो. मग ऐकलं की तो नदीवर लागला, मालाचे मोठे तराफे ढकलणाऱ्या बोटीवर, दोरखंड फेकायच्या आणि झेलायच्या कामाला. पगार बरा होता, अठ्ठावीस दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. तू चर्चला नवीन पंखे दिलेस ते त्याच्याच पैशांतून, असं सिस्टर अर्नेस्टीन सांगत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरगा मार्गी लागला.

मातीच्या दिवशी मी चर्चच्या बाहेर उभा होतो तेव्हा त्याच्या बोटीवरचा हॉलिस नावाचा मुलगा शेजारी येऊन थांबला. मी कोण आहे ते त्याला माहीत नव्हतं. तो आपणहून बोलायला लागला, त्याला कुणाशी तरी बोलायचंच होतं. म्हणाला, बोट धक्क्याला लागली की सगळे झोपायचे आणि मार्क्वेल काठावरच्या बांधावर पळायचा, फोनवर वेळ लावून. चाळीस पावलं मोजून दगड ठेवले होते. पोरं चिडवायची, आता कुठल्या संघात जाणार आहेस, म्हाताऱ्या? तर म्हणायचा, "जायचं नाही रे कुठे. मी हळू आहे, कोचने मोजलंय. मला फक्त बघायचंय कमी होतं का." हॉलिस म्हणाला, गेली चार वर्षं तो हेच करत होता. तो पळताना पडला नाही, हे मला माहीत आहे. सकाळच्या ओल्या धुक्यात एका तराफ्यावरून दुसऱ्यावर जाताना पाय घसरून तो पाण्यात गेला, कुणाचाही पाय घसरला असता. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण त्या नदीवर तो कुणामुळे गेला, ते सांगायला दुसरं कुणी लागत नाही.

आणि मग आत, तू पेटीपाशी उभी राहिलीस. नऊ दिवस पाण्यात होता, म्हणून पेटी उघडली नाही. अंत्यविधीवाल्याने तुला हळूच बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, तू ऐकलं नाहीस. तू पेटीच्या झाकणावर तुझा पंजा ठेवलास, पाचही बोटं पसरून, आणि कुठे ठेवू म्हणून जरा चाचपलंस, आत त्याचा हात इकडे असेल की तिकडे. तेवढं पाहिलं आणि मी उठलो. तुझ्या घरची कोंबडी आणि पालेभाजी माझ्या घशाखाली उतरली नसती. मी गाडीत बसून रडलो, मग घरी आलो.

नव्या मुलाने सांगितलंय की कपाटातले जुने कागद शुक्रवारी यंत्रात घालून फाडणार. सव्वीस वर्षांचे पंजे आहेत त्यात, शेकडो पोरांचे. मी एकच काढून घेतला. तो या पत्रासोबत पाठवतोय, मध्ये पुठ्ठा घातलाय, घडी पडू दिली नाही. करंगळीपाशी हिरवा डाग आहे तो मैदानाच्या गवताचा. मधल्या बोटापाशी रेघ वाकडी झालीय, तिथे तो हसला होता. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने चार पॉइंट पाच दोन लिहिलंय, ते बैठकीच्या आधी मीच लिहिलेलं आहे आणि तेवढंच खरं आहे. हा आकडा चर्चमध्ये वाचून दाखवायचा असेल तर दाखव, माझ्या नावासकट. मी टकरला आणि मोठ्या कोचनाही लिहिलंय. मला माफ कर असं म्हणत नाही, ते मागायचं माझं तोंड नाही. तुझा मुलगा हळू नव्हता, ओपल. आणि त्या दिवशी झाकणावर तू जे चाचपत होतीस ते माझ्या कपाटात पडून होतं, हे कळल्यावर मला ते एक दिवसही ठेवता येईना. त्याच्यावर तुझा पंजा ठेवून बघ, रेघेला रेघ लागेल. त्याचा हात आहे. घे.

तुझी थाळी चुकवलेला, तुझाच
वेंडेल