आठच्या गजराची गोळी

३ मार्च
गेला! एकदाचा गेला! डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत होत्या आणि मी त्यांच्या भुवया. “हेपटायटिस सी सापडला नाही. बरी झालीस तू.” बारा आठवडे गोळ्या, पुढचे बारा आठवडे जीव टांगणीला — आणि फुस्स! टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. बाई म्हणाल्या, “एचआयव्हीची गोळी मात्र रोजची रोज.” अहो, सात वर्षांत एक चुकवली नाही, आता काय चुकवते!

ताईला फोन केला. आधी रडली, मग ओरडली, मग भाजी करपली म्हणून फोन ठेवला.

४ मार्च
बेकरीत केकवर नावं लिहायचं माझं काम. आज एका आजोबांच्या वाढदिवसाच्या केकवर चक्क लिहून बसले — ‘निगेटिव्ह!’ गुलाबी क्रीमने. वर एक बदामही काढला. मालक: “आजोबांना काय सांगू आता?” खरवडलं. क्रीम मीच खाल्लं. हसू काही थांबेना.

ताईला फक्त लिव्हरचं ठाऊक आहे. एचआयव्हीचं नाही. सगळ्या गोळ्या लिव्हरच्याच, असं ठोकून दिलंय. तिने माझा पेला वेगळा ठेवला तर? तिच्या घराशिवाय दुसरं घर नाही मला. जाऊ दे! आज असले विचार नकोत.

५ मार्च
संध्याकाळी घरी आले तर ताई दारातच, टाळ्या वाजवत. “आता त्या गोळ्यांचं तोंड बघायचं नाही!” महिन्याभराची अख्खी बाटली संडासात ओतली होती. वर दोनदा फ्लश!

मी हसले. खो खो हसले. हसता हसता रडायलाच लागले. पावणेआठ झाले होते, आणि गोळी रोज आठची.

सांगितलं. चपलाही काढल्या नव्हत्या. “ती लिव्हरची नव्हती गं. एचआयव्हीची होती.”

ताईने रिकामी बाटली हातात घेतली. “किती वर्षं?” “सात.” अडीनडीला पर्समध्ये ठेवलेली एक गोळी होती, ती घेतली.

६ मार्च
नवी बाटली आणली. कारण ऐकून नर्सबाई खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. मलाही हसू फुटलं. घरी ताई पाठ फिरवून भांडी घासत होती.

७ मार्च
आठला गजर झाला. माझा मोबाईल तर बेकरीतच राहिला होता. ताईचा वाजत होता! तिने पेला भरला, आधी स्वतः दोन घोट प्यायली, मग तोच माझ्या हातात दिला. “घे. आठ वाजले.”