भिंतीवरचं माप

३ मार्च
आलो एकदाचा नव्या घरात! घर मोकळं, भरपूर उजेडाचं. आधीच्या मालकाला अक्कल तेवढी नव्हती. पुढच्या खोलीची अख्खी भिंत काळपट लाकडी फळ्यांनी मढवून ठेवलीय. घर आहे की कपाट? बायको आणि चार वर्षांची लेक शनिवारी येतील. ही खोली लेकीची. तोवर या गचाळ फळ्या उपटून भिंत पिवळीधमक करायची, असा शब्द दिलाय तिला.

शेजारी एक म्हातारा सुतार राहतो. फळ्या त्यानेच ठोकलेल्या. न बोलावता आला आणि सांगून गेला, की फळ्या काढू नका, आणि काढल्याच तर उघड्या भिंतीवर कुणाचं माप घेऊ नका. स्वतःच्या कामाचा पुळका, दुसरं काय!

४ मार्च
सकाळपासून पहार घेऊन भिडलो. वीतभर अंतरावर खिळा! आतून कुणी ढकलणार होतं की काय? फळ्यांमागे प्लास्टरला माणसाएवढा फुगवटा. म्हणजे गवंडीही त्याच लायकीचा. शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, ५ फूट ४. मी टेप लावला तर पाच फूट साडेचार इंच भरले. ज्या सुताराला अर्धा इंच कळत नाही, तो मला शिकवणार! गंमत म्हणून बाजूला पाठ टेकून उभा राहिलो, डोक्याशी खूण केली आणि ठसठशीत लिहिलं, ५ फूट ८. माप असं घेतात म्हणावं.

५ मार्च
काल मी टेकलो होतो तिथे आज खळगा पडलाय. ओल असणार. मोजला. पाच फूट आठ.

सुताराला सहज बोललो, तर त्याचा चेहरा पडला. म्हणाला, ती भिंत माप घेतलेल्या माणसाला ओढते. फुगवट्यात आधीचे मालक आहेत. एक माणूस मिळाला की बाकीची मापं सोडते, आणि वरून फळ्या ठोकल्या की गप्प बसते. मी पोट धरून हसलो. या वयात माणसाचं असंच होतं.

७ मार्च
दोघी आल्या. मी सामान आत ठेवून येतो तो बायकोने लेकीला भिंतीला उभं केलेलं आणि डोक्याशी रेघ मारलेली. नव्या घरातली पहिली उंची म्हणे. ३ फूट ३. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. बायकोने विचारलं, अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? आहे. चांगलं आहे. उगाच त्या खुळ्या म्हाताऱ्याचं मनावर घेतलं.

८ मार्च
दुसरा खळगा. लहान. तीन फूट तीन.

सिमेंट भरलं. दुपारी पुन्हा उघडा. रेघ तासून काढली, ती आतून उमटली. लेक सारखी तिकडे पळते. भिंत मऊ आहे, गरम आहे म्हणते. टेकून झोपली होती. ओढून काढलं तर फ्रॉकची पाठ भिंतीतच—

९ मार्च
दोघींना मेहुण्याकडे धाडलं. फोन आला. लेक उठत नाही. पाठ पांढरी पडलीय, हात लावला की चुना लागतो—

सुताराच्या दारात जाऊन रडलो. ज्याला खुळा म्हणालो त्याच्यासमोर. मूर्ख मी. मी!

९ मार्च, दुपार
खळग्यात उभा आहे. अर्धा इंच इकडेतिकडे नाही. सुतारकाका फळ्या ठोकतायत. एकेक खिळा सरळ जातोय. लहान खळगा बुजतोय— बुजला. मेहुण्याचा फोन. लेक उठली, भूक लागली म्हणाली. जेव गं पोरी. पोटभर—

तारीख माहीत नाही
पाठ गेली. पाय गेले. उजवा हात आहे. फटीतून उजेड.

लेकीची पावलं! धावतेय. बायको काकांना विचारतेय, हे गेले कुठे? काका सांगतायत. गयावया करतायत. ती हसतेय, अगदी माझ्यासारखी, पोरीच्या पाठीला ओलीचा चुना लागला होता म्हणतेय— मी ओरडतोय, तोंडात प्लास्टर—

म्हणतेय, कसल्या या गचाळ फळ्या, आत्ताच उपटते, आणि पोरीची पुसलेली उंची पुन्हा नीट घेते—