हुरडा खाल्ला, गोल खाल्ले

२१ डिसेंबर, आयतवार

आज फुटबॉलची मॅच. सगळ्यात आदी मैदानावर कोण हजर, तर आमची धाकली जाऊ कौसा. सकाळी दळण आणायला चल म्हणलं तर गुडघे उठू देइनात म्हणं. अन् हितं गोलाच्या खांबापशी पोतं हातरून बसली, डोळ्याला नातवाचा काळा चष्मा. वर मलाच म्हणती, "उशीर केलाव आक्का." जसं काय हिच्या बापाचं मैदान.

मग पालमची पोरं आली. नऊची यष्टी हुकली, टमटम करून आली. पोटात काय न्हाई. आता दारात आलेलं लेकरू उपाशी खेळवायचं व्हय? माझा नातू दिगू आमच्या गावाचा गोलकी, त्याला म्हणलं, समद्यायला आदी शेतात घेऊन चल.

हुरडा असा कवळा की तोंडात घातला की संपला. आगटीत कणसं भाजून अन् चोळून माझ्या लेकाचे, बबनचे, हात काळेठिक्कर झाले. जवसाची चटणी, गूळ, दही. "घ्या बाबा, लाजू नका." लाजले न्हाईत.

खेळ सुरू झाला अन् काय सांगावं. पालमचा एक जण पळता पळता थांबून ढेकर द्यायलाय. एक कंबर धरून उभा. आमचे चार गोल झाले. दिगूला काम न्हाई, खांबाला टेकून कौसासंगं गप्पा मारायलाय.

कौसा केवढ्यानं वरडली, "हुरडाबी खाल्ला अन् गोलबी खाल्ले!" समदं मैदान हासलं. मीबी हासले.

पालमचा कप्तान बालाजी. तो न्हाई हासला. टमटममधी बसता बसता म्हणला, "आजी, खेळून जिकले असते तर कबूल होतं. तुमी खाऊ घालून जिकले." गेले. च्यासुदिक घेतला न्हाई.

२२ डिसेंबर, सोमवार

दिसभर तेच डोक्यात. माझ्या मनात पाप न्हवतं. पण तो म्हणला ते खोटंबी न्हवतं.

मालकबी गोलकीच होते. ह्याच मैदानावर. मी नवी नवरी, बायांनी तिकडं बघायचंबी न्हाई. पण उकिरडा मैदानाच्या कडंला. आयतवार आला की मी शेणाची पाटी घेऊन खेपावर खेपा करायची. सासूबाई म्हणायच्या, "का गं, आपल्या म्हशी आयतवारीच लय हागायल्यात?"

बॉल चामड्याचा होता तवा, वादी आवळलेला. डोक्याला लागला की कपाळावर वादीचा वळ. एकदा मला ताप आला, खेप झाली न्हाई. सांजच्याला जेवताना मालक ताटाकडं बघूनच म्हणले, "आज पाटी दिसली न्हाई. दोन गोल खाल्ले." एवढंच. म्हंजे त्यांना समदं...

आता मी त्याच खांबापशी लाल खुर्ची टाकून बसते. कुणी काय म्हणत न्हाई.

२८ डिसेंबर, आयतवार

पालमचे आले न्हाईत. दिगू फोन लावून बेजार, बालाजी उचलंना.

दुसरं कोण येणार? सेलूचे लांबून येत न्हाईत. पोखर्णीच्या पोरायची टीम मोडली, निम्मे कामाला गेले. आमच्याच पोरायनं आपसात दोन भाग केले, थोडं खेळले, गोल झाला-न्हाई झाला म्हणून भांडले अन् घरी.

दिगू म्हणला, "आजी, जवारी काढायला आली की रानातून कोण निघतंय? यंदाचं गेलं समज." मला बोल लावला न्हाई त्यानं. लावला असता तर बरं वाटलं असतं.

कौसा चष्मा लावून रिकाम्या मैदानाकडं बघत बसली होती. म्हणलं उठ की आता. "बसते जरा आक्का. आयतवार हाय."

आज आठवलं. सासूबाई पाव्हण्या टीमचं जेवण सकाळीच रांधायच्या, पण शिट्टी वाजून खेळ संपेपोतर झाकण उघडू द्यायच्या न्हाईत. मला वाटायचं, काय कंजूस बाई हाय. तसं न्हवतं तर ते.

३१ डिसेंबर

मीच फोन लावला. कौसाच्या सुनेच्या फोनवरून, म्हंजे नंबर ओळखायचा न्हाई.

"कोण बोलायलंय?"
"मी हुरड्याची आजी."
तिकडं नाकातून हासल्यावानी झालं.
"बाळा, चुकलं माझं. तसं मनात न्हवतं. या की खेळायला."
"आजी, आमी नाई येणार आता. तुमी या पालमला. तुमीबी या, खुर्ची ठेवतो तुमाला."

लय गुणाचं लेकरू! खुर्ची ठेवतो म्हणला.

११ जानेवारी, आयतवार

पालमला जाऊन आलो. टेम्पोत पोरं, मी अन् कौसा. कौसानं हिरवं लुगडं काढलं, लगनाला चालल्यावानी.

उतरलो तर मैदानाकडं न्हेईनात. "आदी घरी चला." बालाजीच्या आईनं पायावर पाणी घातलं, पाट मांडले. पुरणाच्या पोळ्या, आमटी, वर तुपाची धार. मी म्हणलं, केवढी माणुसकी.

तिसरी पोळी वाढली तवा माझ्या ध्यानात आलं.

बालाजीकडं बघितलं. मान खाली घालून तूप वाढायलाय अन् खांदे हलायलेत मेल्याचे. मी तोंड उघडणार तर त्याची आई म्हणती, "मावशी, तुमच्या घरी आमचं लेकरू पोटभर जेवलं. आमाला लाजवू नका." दिगूच्या ताटात चौथी पडली. तो माझ्याकडं बघायलाय. मी काय करू. म्हणलं, "खा बाबा."

पाच गोल. दिगू बॉलवर उडी मारायचा इचार करूपोतर बॉल जाळीत. कौसा खुर्चीत काळ्या चष्म्याखाली घोरायलेली.

मग बालाजी आला, पाया पडला. "आजी, हिसाब फिटला. आता खरी मॅच. तुमच्या गावात. आमी उपाशी येतो."
म्हणलं, "उपाशी या. पण उपाशी जायचं न्हाई. शिट्टी वाजली की आगटी पेटवते."
"कबूल. पण हुरडाच पायजे."
"हुरडाच."

त्याच्या आईला पाटीची गोष्ट सांगितली. हासून हासून दोघींच्या डोळ्याला पाणी. मालक असते तर ते म्हणले असते... न्हाई, ते कायच म्हणले नसते. ताटाकडं बघत हासले असते.

१८ जानेवारी, आयतवार

बालाजीचा फोन आला. त्यांच्याकडं तुरीची रास चालूय, पोरं गुतलेली. अजून दोन आयतवार थांबा म्हणला.

मी तडक शेतात गेले. मोठ्या वावरातली कणसं आताच निबर. दाताखाली कटकन वाजायलेत. इहिरीपशी एक तुकडा उशिरा पेरलेला, तेवढाच काय तो. बबनला म्हणलं, हे तोडायचं न्हाई, अन् एक पाणी जास्तीचं दे.
"माय, जवारी काय तुझ्या पाव्हण्यासाठी थांबती व्हय?"
"तू पाणी तर दे."
हासला. पण सांजच्याला मोटार चालू केलेली दिसली.

तिथला एक दाणा नखानं दाबून बघितला. चीक निघाला. आज तरी निघाला.

कौसाला सांगितलं तर तिनं पोतं झटकून उन्हात टाकलं, आत्तापासूनच. दिगू मैदानातल्या बोराट्या काढायला गेला.

१ फेब्रुवारी, आयतवार, नऊची यष्टी. पालमचे येतो म्हणलेत.