परक्या हाताचं माप

१२ ऑक्टोबर

ती. ताईस,

धाकटीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. ह्यांचं पत्र आलं. व्यापारी शिष्टमंडळ त्या कम्युनिस्ट देशात सुखरूप पोचलं. साबणवाले, कुलूपवाले आणि आमचे हातमोजेवाले, सगळे एकाच हॉटेलात आहेत. पत्राचं पहिलं पान बर्फाचं, दुसरं दुभाषी बाईंचं. बाई किती हुशार, किती हसतमुख, बाईंनी स्टेशनवर चहा आणून दिला. मी इतकी वर्षं चहा देतेय, त्यावर कधी एक ओळ खर्ची पडली नाही!

सोबत एक कागद. त्यावर त्या बाईचा हात! बोटाबोटांतून पेन्सिल फिरवून काढलेला. तिकडच्या बायकांचा पंजा लांबट असतो म्हणे. तर तिथल्या खरेदीवाल्यांना नमुना दाखवायला या मापाचे, अस्तराचे जोड शिवून ताबडतोब पाठव, असा हुकूम. ताई, पेन्सिल फिरवताना दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागतं. मी हातमोजेवाल्याची बायको, मला कुणी शिकवू नये. कागद डब्यात कोंबलाय. बघते काय करायचं ते.

तुझा लोभ आहेच, तो माझ्या बाजूने असू दे.

तुझी धाकटी

१९ ऑक्टोबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले. माप घेणं हा तुमचा धंदाच. नाडी धरली म्हणून डॉक्टरांच्या बायका रुसू लागल्या तर दवाखान्यांना टाळं लागेल.

वाचनालयातून त्या देशावरचं जाडजूड पुस्तक आणलंय. तिथे व्यापारी नसतोच. सगळी खरेदी एक सरकारी खातं करतं. ते हो म्हणालं तर तुमची थंड पडलेली यंत्रं वर्षानुवर्षं चालतील. नाही म्हणालं तर ठोठावायला शेजारचं दार नाही. कारागीर अर्ध्या पगारावर राबताहेत, विसरू नकोस. कागद काढ आणि जोड शीव.

आणि खोटं कशाला बोलू, मला तुझा हेवा वाटला. तुला जळायला नवरा आहे. आमचे हे गेले, कोट तेवढा अजून खुंटीवर आहे. त्याच्यावर कोण डोळा ठेवणार?

राग मानू नकोस, मानलास तर लिहून कळव.

तुझी ताई

२४ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

रागावू नकोस असं लिहिणार होते, पण रागाव. जोड पाठवले, ते त्या मापाचे नाहीत. कागद समोर ठेवला, कात्री उचलली, आणि हात पुढे जाईना. शेवटी चामड्यावर माझाच पंजा ठेवून बेतलं. शिवण अशी घातली की नाव ठेवायला जागा नको. म्हटलं, बायकांचे हात इथून तिथून सारखेच.

तिथे खात्याचे अधिकारी टेबलाभोवती बसलेले. त्या बाईंनी जोड चढवला, बोटं अर्ध्यात अडकली. मग आणखी दोघींनी चढवून पाहिला. कुणी हसलं नाही म्हणे, तेच वाईट. अधिकाऱ्यांनी कुलूपवाल्यांना पुढे बोलावलं.

हे काल परतले. म्हणाले, जोड टेबलावर ठेवताच ओळखला, एवढी आखूड करंगळी दुसऱ्या कुणाची नाही. ओळखलं म्हणून क्षणभर बरं वाटलं, इतकी मी निर्लज्ज. मग जुंपली. त्यांचं म्हणणं, मी सगळ्यांच्या पोटावर पाय दिला. माझं म्हणणं, तुम्ही मनगट का धरलंत? यंत्रं विकायची भाषा निघालीय. ताई, आता काय करू?

शिव्या दे, पण अबोला धरू नकोस.

तुझी धाकटी

३० नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू चुकलीस. हे मी गुळमुळीत लिहिणार नाही. कारागिरांपुढे तू स्वतः उभी राहून सांग, नवऱ्याला पुढे करू नकोस. मग त्या बाईच्याच मापाचे जोड शीव आणि खात्याला पाठव. घेतील, न घेतील. यंत्रं तोवर विकू देऊ नकोस.

भांडण मिटवायची मात्र घाई नको. मी रविवारी येतेय. तुम्ही आतल्या खोलीत खुशाल तोंडाला तोंड द्या, मी बाहेर कान देऊन बसेन. माझ्या घरात मी बोलले की तेवढ्यावरच संपतं.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा टिकव.

तुझी ताई