जस्ताला पारा

बोथ, ८ ऑगस्ट १९९५

प्रिय केशव,

नेरडीगोंड्याच्या शाळेत तुझं चांगलं चाललंय असं कळलं. ऐकून बरं वाटलं, असं लिहिलं तर खोटं होईल. तुझं चांगलं चाललं की माझ्या पोटात दुखतं, आणि हे दुखणं जुनंच आहे.

आपण एकाच दिवशी बोथच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, पण पोरं कायम तुझ्या मागे. आम्लाच्या पाण्यात जस्ताची पट्टी बुडवली की फसफस सुरू. तार जोडलेली नसली तरी जस्त फुकट झिजायचं. माझा विद्युतघट दोन तासांत मान टाकायचा. तू मात्र फडक्याने पट्टीवर पाऱ्याचा नुसता हात फिरवायचास आणि बुडबुडे गप्प व्हायचे. तिकडे तुझा दिवा जळायचा, इकडे मी. हेडमास्तर माणिकराव पाहुण्यांना तुझा घट दाखवायचे आणि माझ्याबद्दल म्हणायचे, हेही आमच्याकडेच असतात.

शहाऐंशीत आदिलाबादच्या प्रदर्शनात तुझ्या पट्ट्या परीक्षकांसमोर खडूसारख्या तुटल्या. आदल्या दिवशी तू बहिणीच्या लग्नाला गेला होतास. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या भगवंतरावांनी तुझ्या चिठ्ठीबरहुकूम पट्ट्या पाऱ्यात भिजवून ठेवल्या. पारा फार झाला की जस्त ठिसूळ होतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? चिठ्ठीत 'जास्त पारा लावून ठेवणे' असंच होतं. तू अक्षर आपलंच म्हणून ओळखलंस, घाईत माझंच चुकलं म्हणालास आणि बदली मागून घेतलीस. प्रयोगशाळा माझ्याकडे आली.

काल माणिकरावांनी तुझं पत्र दाखवलं. हैदराबादच्या प्रशिक्षणाला तुझं नाव निघालं होतं, ते तू नाकारलंस आणि माझं सुचवलंस. 'उद्धवचा हात माझ्यापेक्षा भरवशाचा' असं लिहिलंस. केशव, तू तुझ्या नेहमीच्या तुटक भाषेत 'जस्त पारा लावून ठेवणे' असंच लिहिलं होतंस. 'जस्त'ला काना मी दिला. पेनसुद्धा तुझंच, टेबलावर विसरलेलं. आज सकाळी भगवंतरावांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, नऊ वर्सं मी सोताले अडानी समजून राह्यलो." माणिकरावांना मी सगळं लिहून दिलं आहे आणि खाली नाव तुझं सुचवलं आहे. तू हैदराबादला जा. मी जळेन, पण ते माझं मी बघतो.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
उद्धव